‘येतो’ न म्हणता गेलेला

४ फेब्रुवारी १९७९, डिचोली

ओळख ना पाळख अशा घरी बसून रडू आलं, तर ते रडणं खरं की खोटं? मला सांगता येत नाही. आज मात्र रडले. चांगली हुंदके देऊन रडले!

अस्नोड्याला गेले होते. पेपरात निधनवार्ता वाचली — वृद्ध गृहस्थ, पश्चात पत्नी, तीन मुलगे, सुना, नातवंडं. त्यांना मी जन्मात पाहिलेलं नाही. गेले, बायकांत जाऊन बसले. म्हातारीने माझा हात धरला. ‘मुळगावच्या सदूचां चेडू मा गो तू?’ मी मान हलवली. एवढीशी मान हलवली, पण सदूची मुलगी मी नव्हे, खोटंच ना ते? मग ती नवऱ्याच्या चष्म्याबद्दल सांगायला लागली. शेवटच्या दिवशीही त्याने चष्मा मागितला म्हणे, आणि घातला, आणि काहीच न वाचता झोपला. तिथे मला रडू फुटलं.

तो आला नाही. संध्याकाळच्या बसने परत.

आई म्हणाली, ‘शाळेत एवढो वेळ?’ मी म्हटलं, वह्या तपासत होते. आज रविवार आहे, हे दोघींच्याही लक्षात आलं नाही.

५ फेब्रुवारी

कशासाठी हे सगळं, ते एकदा नीट लिहून काढते. म्हणजे तरी डोकं जाग्यावर येईल.

गेल्या मार्चमध्ये आजी गेली. तिच्या हातातल्या सोन्याच्या पाटल्या काढून पांढऱ्या फडक्यात बांधल्या आणि तिच्याच ट्रंकेत ठेवल्या. तेराव्याला विमला आत्याने ट्रंक उघडायला लावली. फडकं होतं. पाटल्या नव्हत्या.

ट्रंकेची चावी सुमन काकीकडे, तिच्या उशाखाली असायची — आजीचं सगळं तीच करत होती ना शेवटी! शिवाय आजी जाण्याआधी सगळ्यांदेखत म्हणाली होती, ‘पाटल्यो सुमनेक.’ आत्या म्हणाली, ‘तिचोच होत्यो तर सांगून घेवच्यो होत्यो. चोरूक कित्याक होयो?’ काकी म्हणाली, मी घेतल्या नाहीत. एकदाच म्हणाली. दत्ताराम काका — तिचा नवरा, बाबांचा धाकटा भाऊ — जमिनीकडे बघत बसला. पुढल्या आठवड्यात काकी माहेरी गेली, पेडण्यात, हळर्णला. गेली म्हणजे पाठवली.

बाबांनी मला अकरावीनंतर शिवणाच्या क्लासला घालायचं ठरवलं होतं. तेव्हा याच काकीने भांडून मला कॉलेजात पाठवलं. आमच्या घरात कोणी मॅट्रिकच्या पुढे गेलं नव्हतं. बाबा खाणीवर ट्रक चालवतात, काका खाणीच्या वजनकाट्यावर. मी बी. ए. झाले, निकाल लागला, आणि पेढा द्यायला काकी घरात नव्हती.

आता काका म्हणतो, वर्षश्राद्ध झालं की काय तो सोक्षमोक्ष करू. सोक्षमोक्ष म्हणजे फारकत. श्राद्ध पंचवीस मार्चला आहे.

त्याआधी मला तो माणूस हवा आहे!

९ फेब्रुवारी

‘तो माणूस’ कोण, ते लिहायचं राहिलं.

आमच्या शाळेत कमलाक्षीबाई आहेत, मांद्र्याच्या. डबा खाताना एकदा सांगत होत्या — त्यांची आई गेली, सुतकात आईची साखळी गेली, दोन्ही भाऊ तेव्हापासून एकमेकांशी बोलत नाहीत. मी सहज विचारलं, कोण कोण आलं होतं? ‘सगळेच. घरचेच. हां, एक मामांच्या गावचे होते, केळी घेऊन आलेले. कोण बरे ते? फार बरे गृहस्थ. आईबद्दल इतकं विचारलं त्यांनी.’

केळी!

आमच्याकडेही एक जण सालदाटी — जाड सालीच्या — केळ्यांचा फणा घेऊन आला होता. तो फणा मी माझ्या हाताने आत नेऊन ठेवला. चेहरा? आठवत नाही. कमलाक्षीबाईंनाही आठवत नाही. दुखवट्याच्या घरात कोण वर बघून बोलतं? सगळ्यांच्या माना खाली. पण म्हणूनच पाय आठवतात. त्यांना आठवले, मलाही आठवले — डाव्या पायाची करंगळी शेजारच्या बोटावर चढलेली.

विचार करकरून मला हेच सापडलंय. आपल्याकडे दुःखाच्या घरी बोलावल्याशिवाय जातात. आलेल्याला ‘या’ म्हणत नाहीत, ‘कोण तुम्ही’ विचारत नाहीत. निघताना त्याने ‘येतो’ म्हणायचं नाही — पुन्हा अशाच कारणाने येणं नको म्हणून — आणि कोणी त्याला पोचवायला दारापर्यंत जायचं नाही. म्हणजे कधी आला ते माहीत नाही, कधी गेला ते माहीत नाही! मेलेल्या माणसाचं सोनं ट्रंकेत. चोरी कळते तेराव्याला. तोवर घरात फक्त घरचे. मग घरचे घरच्यांकडे बघायला लागतात. पोलिसात कोण जाणार?

केवढा हुशार! राग येतो, आणि लिहिताना अंगावर काटाही येतो.

१० फेब्रुवारी

डिचोलीच्या बसस्टँडवर शिवदास हवालदार भेटले. ते पेडण्याच्या चौकीवर असतात, घर मात्र आमच्याच वाड्यावर. त्यांना सगळं सांगितलं. त्यांनी विडी संपेपर्यंत ऐकलं आणि म्हणाले, ‘बाय, तक्रार नाय तर चोरी नाय. चोरी नाय तर चोर नाय. तू बी. ए. मगे? इतक्याय शिकोवंक नाय?’

११ फेब्रुवारी

हरमलला जाऊन आले. कमलाक्षीबाईंनी सांगितलं होतं, तिथल्या गंगाबाईंकडेही असंच झालं.

गंगाबाईंची सासू दिवाळीआधी गेली. बांगड्या नाहीशा. त्यांच्या मागच्या खोलीत एक गोरा भाड्याने राहत होता, केस खांद्यापर्यंत, दिवसभर समुद्रावर बसायचा. नाव त्याच्यावर! पिशव्या-बिशव्या रस्त्यावर फेकून त्याला हाकलला. ‘रडत गेलो गो तो,’ गंगाबाई म्हणाल्या. ‘माका तेव्हाच वाटलां, चोर असो रडता काय?’

केळीवाला? हो तर! ‘तो सगुण. आमच्या नवऱ्याच्या मावशेच्या सासरचो.’ खात्री आहे? ‘म्हणजे... तोच म्हणालो.’

मग जे म्हणाल्या ते डोक्यातून जात नाही. ‘बाकीचे येवन म्हाताऱ्येचे गुण सांगी होते. त्या एकट्यान माका विचारलां — गंगे, तू जेवलंस? पंधरा दिस कोणी विचारूक नव्हतां.’

मी म्हटलं, तोच चोर आहे. गंगाबाई म्हणाल्या, ‘आसात. पण विचारल्यान मगे.’

१८ फेब्रुवारी

हळर्णला गेले, काकीकडे. किल्ल्याच्या खालच्या अंगाला तिच्या भावाची वायंगणी — उन्हाळी भाताची — शेती आहे, काकी पाण्यात उभी राहून तण काढत होती. मला बघून हात धुतले नाहीत, तशीच आली, माझ्या गालांना चिखल लागला.

तिला सगळं सांगितलं. वाटलं, आनंदाने रडेल. ती बांधावर बसली आणि पायाचा चिखल काढत राहिली.

‘चोर गावलो की माका घरात घेतले, होय मा?’

‘हो, काकी!’

‘म्हणजे माझ्या तोंडाक किंमत नाय. चोराच्या तोंडाक आसा!’

मी म्हटलं, पण मग तुला यायचंच नाही का? ती उठून घराकडे चालायला लागली. भावजयीने उकडे तांदूळ वाढले, कोलंबीची आमटी. जेवले. निघताना काकी बसपर्यंत आली. बस सुटता सुटता खिडकीला हात लावून म्हणाली, ‘तुझ्या काकाचो खोकलो कसो आसा? अडुळश्याचो रस दी म्हणा आयेक.’

तिला यायचंय. किती यायचंय!

२० फेब्रुवारी

काकाला विचारलं, काकीने घेतल्या असं तुला खरंच वाटतं? ‘वाटणं न वाटणं माझ्या हातात खंय आसा?’ म्हणाला. मग हातात कोणाच्या आहे?

२५ फेब्रुवारी

आज पार्से. त्याआधी धारगळ. मी आता सराईत झालेय. दारात चपला कुठे काढायच्या, कोणाशेजारी बसायचं, कधी पदर डोळ्याला लावायचा — पदर नसतो तर ओढणी. म्हाताऱ्या मला ओळखायलाही लागल्यात. एकीने धारगळला पाहिलं होतं, पार्सेला म्हणाली, ‘तू खूप मायाळू गो, सगळ्यांकडे येता.’

लाज वाटली. त्यालाही लोक हेच म्हणत असतील.

पायच बघते नुसती. भेगाळलेले, सुजलेले, मोजे घातलेले पाय. चढलेली करंगळी नाही.

आई विचारते, रविवारचं कुठे जातेस? आज सांगून टाकलं — काकीचा चोर शोधतेय. आई भाकरी थापत होती. हात थांबला. ‘त्या गोष्टीक वर्स होयत इलां. आता ती वर काढूक कित्याक होयी?’ मग म्हणाली, लग्नाच्या मुलीने मेल्या घरांतून हिंडू नये, दोष लागतो.

४ मार्च

कुठून सुरुवात करू? हात दुखतायत, लिहायला त्रास होतोय. सापडला! आणि मी जवळजवळ तुरुंगात!

मांद्र्याला एक निवृत्त मास्तर वारले. मी सकाळीच निघाले. चोपडेच्या फेरीबोटीने पलीकडे, मग चालत. पुरुष बाहेर बलकांवात, ओसरीच्या बाकावर, बायका आत. मी आत.

थोड्या वेळाने एक जण आला. पांढरा सदरा, छत्री, हातात सालदाटी केळी. केळी सुनेकडे दिली आणि मास्तरांच्या बायकोपुढे खाली बसला. खुर्ची पुढे केली ती घेतली नाही. मग हळू म्हणाला, ‘माय, जेवलीस?’

म्हातारी जी फुटली! आम्ही सगळ्याच रडायला लागलो. मीसुद्धा. डोळे पुसताना खाली बघितलं — डावा पाय — करंगळी.

तो ‘पाणी घेतो’ म्हणून आत गेला. कोण अडवणार? परत आला, बसला, मास्तरांच्या फोटोला हात जोडले, आणि उठला. अर्थातच कोणाला काही न बोलता. आता गेला की गेला!

मी उभी राहिले आणि मोठ्याने विचारलं, ‘तुम्ही कोण? या घरचे कोण लागता?’

शिंतोडे उडावेत तसे सगळ्यांचे डोळे माझ्यावर. म्हातारी रडायची थांबली. ‘दुखाच्या घरात कोणी असां विचारता गो?’

तो शांत. म्हणाला, ‘मी कोण ते माय जाणता. ही कोण ते विचारा.’

आणि मी कोण, ते कोणालाच माहीत नव्हतं!

मास्तरांचा मुलगा गोकुळदास आत आला. ‘कोण तू?’ डिचोलीची शिक्षिका. ‘हांगा कित्याक आयलंय?’ मी म्हटलं — काय म्हणावं माणसाने! — ‘चोर पकडायला.’ दोघी बायकांनी माझे हात मागे धरले. तिसरीने माझी पिशवी उलटी केली. पेन, बसची तिकिटं, अर्धा खाल्लेला उंडो पाव. ‘हिका मी धारगळाक बघितली,’ एक जण म्हणाली. ‘पार्सेकय होती!’ दुसरी. मी ओरडत होते, ट्रंक बघा, आधी ट्रंक बघा! शेवटी सून आत गेली. तिची किंकाळी ऐकू आली तेव्हा तो कुठे होता? गेला होता. रीतीप्रमाणे, न सांगता.

गोकुळदास मोटरसायकलवर सुटला. भरती-ओहोटीचं काहीतरी, फेरी शिवोलीच्या बाजूलाच अडकलेली. हा चोपडेच्या धक्क्यावर बसून केळं सोलत होता म्हणे. पळाला नाही. ट्रंकेतली साखळी त्याच्या छत्रीच्या घडीत.

मला चहा दिला, क्षमा मागितली. म्हातारीने नाही मागितली. ती माझ्याकडे बघतच नव्हती.

जिंकले ना मी? मग घरी येताना फेरीवर असं का वाटत होतं, की मी काहीतरी मोडून आलेय?

५ मार्च

घरात सांगितलं. बाबा पहिल्यांदा माझ्याकडे मोठ्या माणसाकडे बघावं तसं बघत होते. काका उठून मागच्या परसात गेला, बराच वेळ खोकत उभा राहिला. रडत असावा. वाड्यावर सगळे — ‘काय सीआयडी बाय!’

आई जेवली नाही. डोकं दुखतंय म्हणाली.

६ मार्च

शिवदास हवालदारांनी चौकीवर बोलावलं. बाकीची घरं त्याने कबूल केलीत, तुमच्या घरचं विचारून घे म्हणाले. ‘नाव म्हणशात तर काल कृष्णनाथ, आज सगुण. फाल्यां कोण ते देव जाणा.’

तो बाकावर बसला होता. चेहरा पहिल्यांदा नीट बघितला. काहीच नाही त्या चेहऱ्यात. कोणाचाही काका असता.

‘बस, बाय. हात दुखतत काय?’

मी ठरवून गेले होते की रागाने बोलायचं. बसले. डिचोली म्हटलं, गेला मार्च. त्याला लगेच आठवलं. ‘अबोलीचं कुंपण. फोटोत म्हातारीच्या हातात पाटल्या. धाकट्या सुनेने पाणी दिलं.’

‘पाटल्या कुठे आहेत?’

‘मी आलो तेव्हा नव्हत्या. फडकं होतं, गाठ सोडलेली. मीच फसलो!’ आणि हसला.

‘खोटं!’

‘खोटं सांगून मला काय मिळतलं? इतकी घरं कबूल केली, एकाक कित्याक लाजू?’

सगळ्या रविवारांचं, सगळ्या रडण्याचं काय? मी विचारलं — चोराला विचारलं! — मग कोणी नेल्या?

त्याने उलट मलाच विचारलं.

‘सुतकात लोणच्याक, खाराक कोण हात लावता?’

कोणीच नाही. विटाळ असतो, नासतं. लहान मुलालाही माहीत आहे.

‘पाणी पियाक आत गेलो. फळीर बरण्यो. तोंडाक बांधलेले कपड्याचे दादरे सगळे धुळीन पिवळे झालेले, आणि एकाच बरणीचो दादरो धुतलेलो, गाठ ताजी. दहाव्या दिसा! मी समाजलो.’

‘मग तुम्ही का नाही घेतल्या?’

‘एका घरात दोन चोर कित्याक?’

कोणाचा हात, ते त्याने सांगितलं नाही. गाठ बघितली, हात नाही बघितला म्हणाला. मी निघाले तेव्हा मागून म्हणाला, ‘नायतर घाल माझ्या नावावर. आटवल्यो म्हणान सांगतंय. माका एक घर जास्ती, काय फरक? तुमचां माणूस घरी येयत.’

हवालदार दारात उभे होते. ‘गावल्यो?’ मी म्हटलं, दोन दिवसांनी सांगते.

७ मार्च

आई तळ्यावर धुणं घेऊन गेली होती. फळीवरच्या बरण्या उतरवल्या. खारातली तोरं — मिठाच्या पाण्यातल्या कैऱ्या. सगळ्यात मागे एक, गेल्याच्या गेल्या वर्षीची. दादरा सोडला. कोपरापर्यंत हात घातला.

होत्या.

पाणी ठिबकत होतं. सोन्याला काही होत नाही. तशाच पिवळ्याधमक.

मागे बघितलं तर आई दारात. ओले कपडे खांद्यावर. मग ती कपडे खाली न ठेवताच बोलायला लागली.

‘पंधरा वर्सां मी केलंय तिचां. तिची शी-मूत मी काढलंय, शिव्या मी खाल्ल्या. सुमनेन शेवटचे सहा म्हयने केल्यान आणि पाटल्यो सुमनेक! तुझ्यासाठी ठेवलंय गो. तुका काय मोकळ्या हातान लग्न करून धाडू?’

मी म्हटलं, आई, काकीला घालवलं त्यासाठी.

‘घालवतले म्हणान माका खंय ठाऊक? चार दिस बोलतले आणि गप्प रवतले असां वाटलां. मग एकदा तिचा नाव आयलां, नंतर सांगूक जमलां नाय. रोज म्हणी होतंय, आज सांगतंय.’

‘आता सांग.’

‘कोणाक? तुझ्या बापाशीक? विमलेक? मगे मी खंय जाव? सुमनेक म्हायर आसा, तिका धाडली तिकडे. माका कोण आसा? भाव नाय, आवय-बापूस नाय. माका खंय धाडतले?’

हे मला कधीच सुचलं नव्हतं. काकीला घालवायला जागा होती, म्हणून काकी गेली.

पाटल्या पुसून माझ्या पेटीत ठेवल्या. आईने अडवलं नाही.

८ मार्च

आज वर्गात मुलांना ‘सत्य’ या विषयावर दहा ओळी लिहायला द्या, असं पुस्तकात होतं. मी पान उलटलं.

११ मार्च

चोराच्या नावावर घातलं तर? काकी घरी येईल. आई घरी राहील. काकाला फारकत नको. सगळं बरं होईल, एका शब्दात.

पण मग पाटल्यांचं काय? त्या कधीच वर काढता येणार नाहीत. नाहीतर एक दिवस माझ्या लग्नात आई गुपचूप माझ्या हातात चढवील, आणि काकी मला हळद लावायला समोर बसेल. काकी त्या ओळखणार नाही? आजीचे हात धुतलेत तिने.

शिवाय त्याने हे केलेलं नाही. त्याने इतकं केलंय — गंगाबाईंकडचा तो गोरा, कमलाक्षीबाईंचे भाऊ — त्याला माफी नको. पण हे नाही केलं. आमच्या घरातलं आम्ही बाहेरच्याच्या छत्रीत का ठेवायचं?

आणि खरं सांगितलं तर आई! आई माझी आहे, आणि तिने असं केलं, आणि माझ्यासाठी केलं. तिचा राग येतो. ती वाढते ते मी जेवते. दोन्ही एकाच वेळी कसं होतं?

१५ मार्च

हवालदारांना सांगून आले : आमच्या घरचं त्याने नेलेलं नाही. ते म्हणाले, ‘बाय, इतके दिस त्याच्या फाटी लागलंय, आणि आता सोडतंय?’ मी म्हटलं, तुमचंच ना — तक्रार नाही, तर चोरी नाही. हसले नाहीत.

तो बाकावर होता. मला बघून मान हलवली, जशी ओळखीच्या माणसाकडे बघून हलवतात. मी काही न बोलता निघाले.

१७ मार्च

हे होणार हे मला कसं दिसलं नाही! शिकून माझी अक्कल कुठे गेली?

चौकीवरून बातमी वाड्यावर आली. विमला आत्या संध्याकाळी म्हापशाहून आली. ‘बघा! चोरान सगळी घरां मान्य केल्यान, ह्यां एकच नाय! म्हणजे कोण रवला? घरचांच मगे!’ काका म्हणाला, ‘म्हणजे सुमननच.’ त्याचा आवाज असा होता, की त्याला हेच ऐकायचं नव्हतं, आणि आता कोणी दुसरं सांगणारंही उरलं नाही. श्राद्धाच्या दुसऱ्या दिवशी वकिलाकडे जायचं ठरलं.

इतके दिवस काकीवर संशय तरी होता. मी जाऊन त्याचा पुरावा करून आणला!

आई चुलीपुढे बसून होती. मी तिच्याकडे बघितलं. तिने निखारे पुढे-मागे केले.

१८ मार्च

आईला पुन्हा एकदा विचारलं, खरं सांगशील का. तिने माझे पाय धरले. माझ्या आईने, माझे! मी मागे सरकले, भिंतीला टेकले. पुन्हा विचारणार नाही.

१९ मार्च

शाळेत कायम करण्याचं पत्र जूनमध्ये येणार, असं मोठे मास्तर म्हणत होते. वागणुकीचा दाखला लागतो म्हणे. बघू.

२० मार्च

सकाळी बाबा, काका आणि आत्या चहाला बसले होते. मी पाटल्या मेजावर ठेवल्या. म्हटलं, मी घेतल्या होत्या. मोह झाला. काकीचं नाव आलं, तेव्हा भीती वाटली, आणि बोलले नाही.

बाबांनी कप खाली ठेवला, माझ्याकडे न बघता. आत्या म्हणाली, ‘शिकवल्यात! आता घ्या!’ काकाने पाटल्या रुमालात बांधल्या, चपला घातल्या, आणि हळर्णची बस धरायला गेला.

आई दारात उभी होती. ‘नाही’ म्हणाली नाही.